पुरस्काराचे एकक आणि कथेचे एकक : नवोदित कथाकाराच्या संदर्भात काही विचार

मराठी साहित्यव्यवहारात ‘पुरस्कार’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे दोन शब्द बरेचदा एकाच अर्थच्छटेने, ‘प्रोत्साहन’ या सैल संज्ञेखाली, वापरले जातात. वस्तुतः या दोन संकल्पनांची दिशाच परस्परविरुद्ध आहे. पुरस्कार मागे पाहतो. जे लिहून झाले, छापून झाले, त्याच्यावर तो मूल्यनिर्णयाची मुद्रा उमटवतो. शिष्यवृत्ती पुढे पाहते. जे अद्याप लिहिले गेलेले नाही, त्यासाठी ती अवकाश निर्माण करते. पहिल्याचा विषय कृती हा आहे, दुसरीचा विषय निर्मितिप्रक्रिया हा आहे. मराठीत पुरस्कारांची संख्या विपुल आहे. नवोदित कथाकाराला लिहिण्याचा काळ उपलब्ध करून देणारी व्यवस्था मात्र अपवादानेच आढळते. ही विषमता आर्थिक उपलब्धतेपुरती मर्यादित नाही. कथा या वाङ्मयप्रकाराच्या घडणीवरच तिचा परिणाम होत आला आहे, आणि त्या परिणामाचा विचार समीक्षेने पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

हा विचार पुणे-मुंबईच्या केंद्रातून केला असता त्यातील अनेक प्रश्न दृष्टीआड राहतात. म्हणून तो एखाद्या सीमावर्ती ठिकाणाच्या संदर्भात करणे उचित ठरेल. बुलढाणा तालुक्यातील धाड हे असे एक ठिकाण आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ या प्रसिद्ध विभागणीत धाड घाटावर येते आणि जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. एकेकाळी ही रेषा वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांच्यातील होती. १९५६च्या द्विभाषिक राज्यात दोन्ही बाजू एका राज्याखाली आल्या. मात्र साहित्यसंस्थांच्या कार्यक्षेत्रात ती रेषा अजूनही जिवंत आहे. अलीकडचा लेखक १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या कक्षेत येतो, तर पलीकडचा मराठवाडा साहित्य परिषदेच्या. बोली मात्र ही रेषा मानत नाही. घाटावरच्या बोलीत वऱ्हाडी रूपांबरोबर मराठवाडी वळणेही सहज मिसळतात. येथून लिहू पाहणाऱ्या नवोदित कथाकारासमोर पुरस्कारव्यवस्था कोणत्या रूपात उभी राहते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

१

पहिला मुद्दा एककाचा आहे. कथेचे निर्मितीतील एकक ‘एक कथा’ हे असते. ती एका बैठकीत वाचली जावी, तिने स्वतःपुरता पूर्ण अनुभव उभा करावा, ही अपेक्षा या प्रकाराच्या स्वरूपातच अंतर्भूत आहे. मराठी कथेचा इतिहासही नियतकालिकांतून घडला. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ‘सत्यकथे’पर्यंत कथा एकेकटी प्रसिद्ध होत आली, एकेकटी वाचली आणि चर्चिली गेली. पुरस्काराचे एकक मात्र ‘पुस्तक’ हे आहे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत लघुकथेसाठी दोन स्वतंत्र पुरस्कार आहेत. प्रौढ वाङ्मय विभागातील पुरस्काराला दिवाकर कृष्णांचे नाव आहे आणि प्रथम प्रकाशन विभागातील पुरस्काराला ग. ल. ठोकळांचे. प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र विचार करणारी ही योजना तत्त्वतः स्वागतार्हच आहे. परंतु तीही संग्रहापासूनच सुरू होते. संग्रहापूर्वीच्या आठ-दहा वर्षांत, म्हणजे लेखक ज्या काळात खऱ्या अर्थाने नवोदित असतो त्या काळात, तिचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

एककांच्या या विसंगतीचे दोन परिणाम संभवतात. एक, तीन-चार परिपक्व कथांभोवती सहा-सात कच्च्या कथा जमवून पृष्ठसंख्या पूर्ण केली जाते. नवोदितांच्या पहिल्या संग्रहांत जो असमतोल वारंवार जाणवतो, त्याचे कारण लेखकाच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा पुस्तक लवकर सिद्ध करण्याच्या निकडीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल. दोन, लेखक कथेचा मार्गच सोडतो आणि कादंबरीकडे वळतो. हे वळण आशयाच्या आंतरिक गरजेतून आले असेल तर त्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. पण ते मान्यतेच्या शोधातून आले असेल, तर कथेची हानी झाली असे म्हणावे लागेल.

साहित्य अकादमीच्या मुख्य पुरस्काराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ यांना हा पुरस्कार १९९६ साली ‘एका मुंगीचे महाभारत’ या आत्मचरित्राला मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या कथाकाराला तो १९८३ साली ‘सत्तांतर’ या कादंबरीसाठी मिळाला. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ या संग्रहाला १९७३चा पुरस्कार जाहीर झाला, परंतु पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाविषयी तांत्रिक वाद उद्भवला आणि जी. एं.नी तो परत केला. म्हणजे नवकथेच्या तीन मोठ्या नावांपैकी दोघांचा सन्मान कथेतर लेखनासाठी झाला आणि तिसऱ्याचा कथेसाठी झालेला सन्मान टिकला नाही. या योगायोगातून फार मोठे अनुमान काढू नये हे खरे. तथापि कथेने लेखकाची प्रतिष्ठा घडवावी आणि तिच्यावर मोहोर मात्र अन्य प्रकारातील पुस्तकाने उमटवावी, हा क्रम मराठीत अपरिचित नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरणही याच क्रमाचे आहे. अमडापूरचे सदानंद देशमुख हे मुळात कथाकार आहेत. ‘उठावण’, ‘महालूट’ यांसारख्या संग्रहांतून त्यांनी शेतकरी कुटुंबाच्या आतल्या ताणांना आणि घाटावरच्या बोलीला मराठी कथेत जागा मिळवून दिली. व्यापक वाचकवर्गाला त्यांचे नाव परिचित झाले ते ‘बारोमास’ या २००२च्या कादंबरीमुळे आणि तिला मिळालेल्या २००४च्या अकादमी पुरस्कारामुळे. ‘बारोमास’ची गुणवत्ता निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, त्या कादंबरीचा पाया ज्या कथालेखनाने घातला त्याची स्वतंत्र चिकित्सा किती झाली? पुरस्काराच्या प्रकाशझोतात एक पुस्तक उजळते, त्याच्या मागची वाट अंधारातच राहते. धाडच्या नवोदिताला देशमुखांचा पुरस्कार ठाऊक असतो. त्याला गरज असते ती त्या वाटेची.

२

या परिस्थितीचे समर्थन करणारी एक सैद्धांतिक भूमिका मराठीत आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेला दुय्यम वाङ्मयप्रकार ठरवून कादंबरीची बाजू आग्रहाने मांडली. नियतकालिकांच्या गरजेतून पोसलेला, अनुभवाचा लहानसा तुकडा चमकदारपणे सादर करणारा हा प्रकार मोठ्या सामाजिक आशयाला पेलू शकत नाही, असा त्या भूमिकेचा सारांश सांगता येईल. ही भूमिका ग्राह्य मानली तर पुरस्कारांचा कादंबरीकडे असलेला कल हा अन्याय न ठरता यथार्थ मूल्यनिर्णय ठरतो.

या भूमिकेतील निदान बऱ्याच अंशी खरे आहे. दिवाळी अंकांच्या मागणीनुसार लिहिल्या गेलेल्या, शेवटच्या कलाटणीवर विसंबणाऱ्या कथांचा ढीग मराठीत आहेच. परंतु त्या निदानातून काढलेला निष्कर्ष गेल्या दोन दशकांतील कथेने प्रश्नांकित केला आहे. जयंत पवार यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२ साली, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ साली आणि किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला २०२१ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. गिरणगावाचे विघटन, मराठवाड्यातील गावगाड्याचे राजकारण, ग्रामीण तरुणाचे शिक्षणातून होणारे स्थित्यंतर हे आशय दीर्घ कथेने समर्थपणे पेलले. तेव्हा मर्यादा प्रकाराची नसून त्या प्रकाराला पोसणाऱ्या व्यवस्थेची होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हे तिघेही पुरस्काराच्या वेळी नवोदित नव्हते. दीर्घ कथेला लागणारा दीर्घ काळ त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता.

नवोदितांसाठी असलेल्या पुरस्कारांकडे वळल्यास चित्र बदलत नाही. साहित्य अकादमीने २०११पासून युवा पुरस्कार सुरू केला. वय पस्तिशीच्या आत असावे ही त्याची अट आणि पन्नास हजार रुपये ही रक्कम आहे. मराठीतील मानकऱ्यांत कविता आणि कादंबरी यांचे प्राबल्य आहे. ऐश्वर्य पाटेकर, रवी कोरडे, वीरा राठोड, सुशीलकुमार शिंदे, पवन नालट, विशाखा विश्वनाथ हे कवितेसाठी, तर अवधूत डोंगरे, नवनाथ गोरे, प्रणव सखदेव, देवीदास सौदागर, प्रदीप कोकरे हे कादंबरीसाठी गौरविले गेले. कथासंग्रहाचे उदाहरण म्हणून २०१६ साली पुरस्कृत झालेल्या मनस्विनी लता रवींद्र यांच्या ‘ब्लॉगच्या आरशापल्याड’चा उल्लेख करावा लागतो. निवड करणाऱ्यांच्या अभिरुचीला यात दोष देणे सोपे आहे. परंतु पस्तिशीच्या आत पक्व कथासंग्रह सिद्ध होण्यासाठी जी परिस्थिती लागते ती किती जणांना लाभते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

‘नवोदित’ या संज्ञेची व्याख्याच येथे तपासावी लागते. अकादमी ती वयाने करते, राज्य शासन पहिल्या पुस्तकाने. सुशिक्षित नागर कुटुंबातील लेखकाच्या बाबतीत या दोन्ही कसोट्या साधारणतः एकत्र येतात. घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या, शेती, तासिका तत्त्वावरील अध्यापन किंवा किरकोळ व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत त्या एकत्र येतीलच असे नाही. विवाहानंतर, मुले मोठी झाल्यावर लिहू लागणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर वयाची अट हा सरळसरळ वगळण्याचाच एक प्रकार ठरतो. नवेपण हा लेखनाचा गुण आहे, जन्मतारखेचा नव्हे.

३

पुस्तक हेच एकक मानल्यानंतर पुस्तक कोण काढणार, हा प्रश्न अटळ होतो. छोट्या गावातील नवोदिताचा पहिला संग्रह पुष्कळदा स्वखर्चाने निघतो, हे उघड गुपित आहे. म्हणजे पुरस्काराच्या स्पर्धेत उतरण्यासाठी लेखकाला आधी प्रवेशमूल्य भरावे लागते. या अडचणीवर १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखक अनुदान योजनेच्या रूपाने उपाय योजला. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देणारी ही योजना मराठीतील नवोदितांसाठीच्या उपक्रमांत महत्त्वाची आहे. अनेकांची पहिली पुस्तके तिच्यामुळे निघाली. शिष्यवृत्तीच्या संकल्पनेला जवळ जाणारी अशी हीच योजना म्हणता येईल. तरीही ती मुद्रणाचा भार हलका करते, लेखनाचा नव्हे. हस्तलिखित सिद्ध झाल्यावर ती सुरू होते आणि पुस्तक छापून झाल्यावर संपते. अलीकडे संपादक नाही आणि पलीकडे वाचक नाही, अशा दोन पोकळ्यांच्या मध्ये ती उभी आहे.

पूर्वी ही अलीकडची पोकळी नियतकालिकाचा संपादक भरून काढीत असे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’च्या कार्यालयातून नवोदितांशी जो पत्रव्यवहार केला, कथा परत पाठवून, त्रुटी दाखवून, पुनर्लेखन करवून घेऊन जी मशागत केली, तिला शिष्यवृत्ती हे नाव नव्हते. परिणाम मात्र तोच होता. एका जाणत्या वाचकाचा वेळ नवोदिताला विनामूल्य मिळत होता. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा एका मासिकाबरोबर ही पद्धतीही क्षीण झाली. अर्थात तिचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. ‘सत्यकथे’ची अभिरुची विशिष्ट वर्गाची आणि प्रदेशाची होती, असा आक्षेप लघुनियतकालिकांच्या पिढीने घेतला आणि १९६९ साली त्या अंकाची जाहीर होळीही झाली. त्याच सुमारास, १९६७पासून, गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’च्या द्वारे दुसरा मार्ग दाखविला. लेखक-वाचक मेळाव्यांतून नवोदित दलित लेखकाला त्याच्या भाषेचे आणि अनुभवाचे मोल जाणणारा समूह लाभला. या दोन उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. नवोदिताला घडविणारी गोष्ट गौरवाची नसून प्रतिसादाची आहे. तो प्रतिसाद कोणत्या अभिरुचीतून येतो, यावर त्याच्या लेखनाची दिशा ठरते.

हाच मुद्दा आजच्या परीक्षकालाही लागू होतो. धाडसारख्या सीमेवरच्या बोलीतील कथा परीक्षकापुढे येते तेव्हा तिला लावायला ‘ग्रामीण’ आणि ‘वऱ्हाडी’ अशी दोन तयार लेबले असतात. पहिले विषयावरून लावले जाते, दुसरे जिल्ह्यावरून. कथेतील निवेदकाची भाषा आणि पात्रांची भाषा यांत कोणता ताण आहे, प्रमाण मराठीतून बोलीत शिरताना निवेदक कुठे अडखळतो, ते अडखळणे हेतुपूर्वक आहे की अनवधानाने, हे तपासायला शब्दशः वाचन लागते. पुरस्कारासाठी आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तेवढी सवड नसते. परिणामी दुष्काळ, कर्ज, आत्महत्या हे विषय म्हणजेच ग्रामीण कथेचा आशय असे समीकरण रुजते. नवोदित लेखक ते समीकरण हेरतो आणि तसे लिहू लागतो. पिअर बूर्द्यू यांनी मांडलेली सांस्कृतिक भांडवलाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. पुरस्कार केवळ भांडवल वाटत नाही, कोणत्या नाण्याला भांडवल म्हणावे हेही तो ठरवितो.

४

शिष्यवृत्तीच्या बाजूने बोलताना तिच्या धोक्यांचीही नोंद घेतली पाहिजे. केंद्र शासनाने २०२१ साली राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत युवा लेखकांना मार्गदर्शन करणारी योजना जाहीर केली. तिशीच्या आतील पंचाहत्तर लेखकांना सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद तिच्यात होती. काळ विकत घेऊन देणारी योजना म्हणून तिचे स्वरूप लक्षणीय आहे. पण विषय आधीच ठरलेला होता, राष्ट्रीय स्वातंत्र्यचळवळीचा. पुढील आवृत्त्यांतही विषय नेमूनच दिले गेले. नेमलेल्या विषयावर चांगला ग्रंथ होऊ शकतो, परंतु कथा सहसा विषयातून उगवत नाही. ती एखाद्या न उलगडलेल्या प्रसंगातून, आवाजातून, अस्वस्थतेतून उगवते आणि आपला विषय लेखकाला मागाहून कळविते. आधी आराखडा मागणारी शिष्यवृत्ती कथाकाराकडून कथेऐवजी निबंधाची अपेक्षा करीत असते.

दुसरा धोका स्वायत्ततेचा आहे आणि तो पुरस्कार व शिष्यवृत्ती या दोहोंनाही समान आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने मागे घेतला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्या पुस्तकाविषयी मते भिन्न असू शकतात. परंतु परीक्षकांचा निर्णय त्यांच्या निर्णयानंतर रद्द होऊ शकतो, हा संदेश सर्वाधिक खोलवर पोहोचतो तो नवोदितापर्यंत. प्रतिष्ठित लेखक निषेध नोंदवू शकतो, पुरस्कार नाकारू शकतो. नवोदित मात्र लिहिण्यापूर्वीच सावध होतो, आणि ही सावधगिरी कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

तिसरी बाब उपजीविकेची. ‘फेसाटी’साठी २०१८चा युवा पुरस्कार मिळविणारे नवनाथ गोरे यांच्यावर २०२०च्या टाळेबंदीत कंत्राटी अध्यापनाचे काम सुटल्यामुळे शेतमजुरी करण्याची वेळ आली, ही बातमी महाराष्ट्रभर गाजली. ‘उसवण’साठी २०२४ साली गौरविले गेलेले तुळजापूरचे देवीदास सौदागर शिवणकाम करून लिहीत होते. या बातम्यांचा सूर बहुधा कौतुकाचा किंवा कळवळ्याचा होता. समीक्षेने त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. एकदाच मिळणारी रक्कम सन्मान करू शकते, लेखनाचा काळ निर्माण करू शकत नाही, हे त्यांतून सिद्ध होते. लेखकाचे दारिद्र्य हा त्याच्या लेखनाच्या अस्सलपणाचा पुरावा नव्हे. तसा तो मानणारी दृष्टी लेखकाला दुसऱ्या पुस्तकासाठी मोकळे करत नाही, पहिल्याच पुस्तकाच्या प्रतिमेत कोंडून ठेवते.

५

या विवेचनातून पुरस्कार बंद करावेत असा निष्कर्ष निघत नाही. दूरच्या गावातील पुस्तक ग्रंथालयाच्या खरेदीयादीत येण्यासाठी, अभ्यासमंडळाच्या नजरेस पडण्यासाठी पुरस्काराइतके प्रभावी साधन आज दुसरे नाही. निष्कर्ष असा की कथेच्या बाबतीत पुरस्काराने आपले एकक बदलले पाहिजे. अमेरिकेत १९१९पासून दिला जाणारा ओ. हेन्री पुरस्कार नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकेका कथेची निवड करतो. भारतात दिल्लीच्या ‘कथा’ या संस्थेने १९९०च्या दशकात विविध भाषांतील वर्षभराच्या कथांमधून एकेक कथा निवडून ती अनुवादासह वाचकांपुढे ठेवली. या पद्धतीत लेखकाला संग्रहाची घाई करावी लागत नाही, आणि कथा छापणाऱ्या नियतकालिकालाही आपल्या निवडीची जबाबदारी जाणवते.

मराठीत हे करणे अशक्य नाही. विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांसारखी संस्थात्मक नियतकालिके आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतून दिवाळी अंक निघतात. वर्षभरातील नवोदितांच्या कथांतून काही कथा निवडणे, प्रत्येक निवडीमागची कारणे परीक्षकाने लिहून प्रसिद्ध करणे, निवडलेल्या लेखकाला वर्षभर एका अनुभवी संपादकाचा सहवास आणि विषयाची अट न घालता थोडे मासिक साहाय्य देणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यातील सर्वांत महत्त्वाचे कलम दुसरे आहे. कारणे न देणारा पुरस्कार हा निवाडा असतो. कारणे देणारा पुरस्कार ही समीक्षा असते. पुरस्कार न मिळालेल्या लेखकालाही तिचा उपयोग होतो. धाडच्या लेखकाची कथा विदर्भाच्या यादीत की मराठवाड्याच्या, हा वादही अशा लेखी कारणांपुढे गौण ठरेल, कारण तेव्हा चर्चा जिल्ह्याची न राहता वाक्यांची होईल.

२०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार प्रथमच एका कथासंग्रहाला मिळाला. कर्नाटकातील हासन येथे राहून तीन दशकांहून अधिक काळ कन्नडमध्ये कथा लिहिणाऱ्या बानू मुश्ताक यांचा ‘हार्ट लॅम्प’ हा दीपा भास्ती यांनी अनुवादित केलेला तो संग्रह. या घटनेकडे प्रादेशिक कथेच्या विजयाचे चिन्ह म्हणून पाहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील अधिक उपयुक्त गोष्ट तो काळ ही आहे. त्या कथा एकेक करून, बंडाय चळवळीच्या वातावरणात, कन्नड वाचकांच्या प्रतिसादात घडत गेल्या. जागतिक पुरस्कार शेवटी आला. त्याच्या आधीची तीस वर्षे कोणत्या व्यवस्थेने सांभाळली, हा प्रश्न मराठीने स्वतःला विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर पुरस्कारांच्या यादीत सापडणार नाही. ते एखाद्या नवोदिताची एक कथा पूर्ण वाचून त्याला सविस्तर पत्र लिहिणाऱ्या संपादकाच्या, परीक्षकाच्या आणि समीक्षकाच्या कामात शोधावे लागेल.